वीस बाजूंचा फासा आणि बदलते हिशेब: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आवृत्त्यांमधील अटॅक रोल समजून घेताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेत आणि फासे टाकत खेळायचा खेळ नव्याने शिकणारा माणूस अडखळतो तो बहुधा नियमांपेक्षा आवृत्त्यांमुळे. मी पहिल्यांदा डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू सांभाळणारा सूत्रधार, म्हणून टेबलावर बसलो तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मिळालेले एक साहस (तयार छापील कथानक) २०१४ च्या नियमांवर चालवायला घेतले होते. त्यात दारावर पहारा देणाऱ्या सरदाराच्या नावापुढे ‘आर्मर क्लास २’ असे छापलेले होते; आर्मर क्लास म्हणजे एखाद्याला वार लागणे किती अवघड आहे ते सांगणारा आकडा. मी तो आकडा जसाच्या तसा उचलला आणि नखशिखान्त पोलादात मढलेला तो सरदार पहिल्याच फेरीत आडवा झाला, कारण नव्या नियमांत आर्मर क्लास २ असलेल्या माणसाला फाशावर १ पडल्याशिवाय वार चुकवताच येत नाही. जुन्या नियमांत हाच २ हा आकडा पूर्ण चिलखत आणि ढाल यांचा मिळून होता.

पुढे मी एकेक जुने पुस्तक वाचत गेलो, तसे लक्षात आले की गेल्या पन्नास वर्षांत विचारला जाणारा प्रश्न एकच राहिला आहे: समोरच्याला वार लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर किमान किती पडले पाहिजेत? हे ठरवण्यासाठी फासा टाकणे म्हणजेच अटॅक रोल. बेरीज-वजाबाकी कोणी करायची, केव्हा करायची आणि ती कागदावर कोठे लिहून ठेवायची, एवढेच प्रत्येक आवृत्तीने बदलले. हे ध्यानात ठेवून खालील पायऱ्या क्रमाने वाचल्यास कोणत्याही आवृत्तीचे पुस्तक हातात आले तरी गोंधळ होऊ नये.

सर्व पायऱ्यांमध्ये मी एकच उदाहरण वापरले आहे. पहिल्या लेव्हलचा (अनुभवाच्या पायरीचा), स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद १६ असलेला एक फायटर (लढवय्या) साध्या तलवारीने एका पहारेकऱ्यावर वार करतो. पहारेकऱ्याच्या अंगावर साखळीचे चिलखत आणि हातात मोठी ढाल आहे. त्याची चपळाई सर्वसाधारण आहे आणि दोघांजवळही कोणती जादू नाही.

पायरी १: हातातील पुस्तक कोणत्या आवृत्तीचे आहे ते ठरवा

मुखपृष्ठावरील चित्रावर विश्वास ठेवू नका; आतील पानावरचे प्रकाशनवर्ष पाहा. ढोबळ वंशावळ अशी आहे.

- १९७४: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन पुस्तिकांचा मूळ संच. प्रकाशक विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील टीएसआर.
- १९७७ ते १९७९: ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नावाची पहिली आवृत्ती, तिची तीन मुख्य पुस्तके वर्षाला एक अशी आली.
- १९७७ पासून, त्याच सुमारास: ‘बेसिक’ नावाची स्वतंत्र शाखा. तिचे १९८१ आणि १९८३ चे संच आजही आवडीने खेळले जातात.
- १९८९: ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ची दुसरी आवृत्ती.
- २०००: तिसरी आवृत्ती, आणि २००३ मध्ये तिचीच सुधारलेली ३.५. टीएसआर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती, त्यामुळे येथून पुढे प्रकाशकाचे नाव बदलते.
- २००८: चौथी आवृत्ती.
- २०१४: पाचवी आवृत्ती, आणि २०२४ मध्ये तिचीच सुधारित पुस्तके.

वर्षाचे पान फाटलेले असेल, तर राक्षसांच्या वर्णनातून आवृत्ती ओळखता येते. वर्णनात ‘थॅको’ (अर्थ पायरी ५ मध्ये) अशी ओळ असेल तर ते बहुधा दुसऱ्या आवृत्तीचे आहे. हल्ल्यापुढे अधिक चिन्ह लावून आकडा दिला असेल तर पुस्तक २००० नंतरचे. आर्मर क्लासच्या शेजारी फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल हे तीन आकडे संरक्षण म्हणून दिले असतील तर चौथी आवृत्ती. हीच तीन नावे अधिक चिन्हासह सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) म्हणून येत असतील तर तिसरी.

येथे एक सापळा आहे. ‘बेसिक’ म्हणजे प्राथमिक वर्ग आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणजे त्याच्या पुढचा वर्ग, असा बहुतेकांचा समज होतो आणि माझाही झाला होता. प्रत्यक्षात त्या समांतर चाललेल्या दोन शाखा आहेत आणि त्यांच्या आर्मर क्लासमध्ये एका आकड्याचा फरक आहे. तो फरक शेवटच्या पायरीत पुन्हा भेटेल.

पायरी २: साहित्य जमवा

- सात फाशांचा संच. अटॅक रोलसाठी वीस बाजूंचा फासा पुरतो, मात्र पाचव्या आवृत्तीसाठी असे दोन फासे जवळ असावेत.
- ज्या आवृत्तीचे नियम वापरायचे आहेत तिचे लढाईचे प्रकरण, मग ते पुस्तकात असो वा छापील प्रतीत.
- कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहायचा कागद), पेन्सिल आणि खोडरबर. पेनाने लिहू नका, आकडे सतत बदलतात.
- पुस्तक विकत घ्यायचे नसेल तर ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’. पाचव्या आवृत्तीचे हे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत.
- जुन्या नियमांसाठी त्यांची नव्याने लिहिलेली रूपे. ‘ओस्रिक’ हे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या पहिल्या आवृत्तीचे, तर ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ हे १९८१ च्या ‘बेसिक’ शाखेचे रूप आहे. नवख्याने मूळ पुस्तकांऐवजी येथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण मूळ पुस्तकांतील मांडणी वाचकाची परीक्षा पाहणारी आहे.

जाता जाता एक गंमत. सुरुवातीच्या काळातील वीस बाजूंच्या फाशांवर १ ते २० असे आकडे नसत. ० ते ९ हे आकडे दोनदा कोरलेले असत. खेळाडू त्यांपैकी एक संच मेणाच्या खडूने रंगवून घेत आणि रंगीत बाजू आली की त्यात दहा मिळवत. तुमच्या हाती असा जुना फासा आला तर तो सदोष समजून टाकून देऊ नका.

पायरी ३: आर्मर क्लासची दिशा तपासा

२००० पूर्वीच्या सर्व आवृत्त्यांत आर्मर क्लासचा आकडा जितका लहान तितके संरक्षण चांगले. २००० पासून आकडा जितका मोठा तितके संरक्षण चांगले. सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून पुस्तक उघडताच चिलखतांचा तक्ता पाहावा आणि उघड्या अंगाच्या माणसापुढे कोणता आकडा आहे तो पाहून पेन्सिलीने समासात बाण काढून ठेवावा.

१९७४ च्या संचात उघड्या अंगाला ९, नुसत्या ढालीला ८, चामड्याच्या चिलखताला ७, साखळीच्या चिलखताला ५, पूर्ण पत्र्याच्या चिलखताला ३ आणि त्यावर ढाल असेल तर २ असा क्रम होता. उलटा क्रम लक्षात ठेवण्यासाठी मी रेल्वेच्या डब्यांची आठवण ठेवतो: पहिला वर्ग दुसऱ्यापेक्षा वरचा. आर्नेसन यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले होते की ही कल्पना त्यांनी स्वतः आधी तयार केलेल्या, अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी युद्धनौकांच्या खेळातून घेतली.

हा क्रम मुळात वर्गवारी म्हणून ठीक होता. मात्र जादूची चिलखते आल्यावर आकडे शून्याखाली जाऊ लागले आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ते उणे १० पर्यंत पोहोचले. ‘+१ ढाल’ घेतल्यावर आर्मर क्लास एकाने कमी होतो, हे वाक्य नवख्याला समजावून सांगताना जुन्या खेळाडूंचीही तारांबळ उडते.

पायरी ४: १९७४ ते १९८८ मधील पुस्तक असेल तर तक्ता वाचायला शिका

या काळात सूत्र नव्हते, तक्ता होता. एका बाजूला हल्ला करणाऱ्याची लेव्हल, दुसऱ्या बाजूला समोरच्याचा आर्मर क्लास, आणि दोन्ही जेथे मिळतात त्या चौकटीत फाशावर लागणारा किमान आकडा. विशेष म्हणजे १९७४ च्या संचात या तक्त्याला ‘पर्यायी’ लढाई पद्धत म्हटले होते. मूळ पद्धत म्हणून १९७१ च्या ‘चेनमेल’ या सैन्ययुद्धाच्या नियमांकडे बोट दाखवले होते, ज्यात सहा बाजूंचे फासे वापरले जात. लोकांनी मात्र पर्यायालाच मूळ मानले.

आपल्या उदाहरणातील पहारेकऱ्याचा आर्मर क्लास येथे ४ होतो. लेव्हल १ ते ३ च्या फायटरला ४ साठी १५ हवेत. १५ ते २० हे सहा आकडे, म्हणजे वार लागण्याची शक्यता ३० टक्के. स्ट्रेंग्थ १६ चा या संचात फाशाला काहीच उपयोग नाही.

१९८१ च्या ‘बेसिक’मध्येही तक्त्यात १५ च आहे, परंतु तेथे स्ट्रेंग्थ १६ असल्यास फाशात २ मिळवता येतात. त्यामुळे फाशावर १३ पडले तरी पुरते आणि शक्यता ४० टक्के होते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या पहिल्या आवृत्तीत उघड्या अंगाचा आकडा १० झाला, पहारेकरी ४ वरच राहिला, फायटरला १६ लागू लागले आणि स्ट्रेंग्थ १६ पुन्हा निरुपयोगी ठरली, कारण तेथे फाशावरील फायदा १७ पासून सुरू होतो. शक्यता उतरली २५ टक्क्यांवर.

‘अ‍ॅडव्हान्स्ड’चे पुस्तक चाळताना तीन गोष्टींनी माझा वेळ खाल्ला, त्या आधीच सांगून ठेवतो.

एक, हल्ल्याचे तक्ते खेळाडूच्या पुस्तकात नाहीत. ते १९७९ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात आहेत. खेळाडूने फक्त फासा टाकायचा आणि लागले की नाही ते डंजन मास्टरने सांगायचे, अशी ती रीत होती. खेळाडूंच्या पुस्तकात तक्ता शोधण्यात मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली होती.

दोन, खेळाडूंच्या पुस्तकात प्रत्येक शस्त्रापुढे निरनिराळ्या चिलखतांसाठी अधिक-उणे आकड्यांची लांबलचक रांग आहे. ती नियमानुसार लागू होते, पण पहिल्या काही बैठकांत खुशाल बाजूला ठेवा. तिने लढाईचा वेग निम्म्यावर येतो आणि हाती फारसे लागत नाही.

तीन, तक्त्यात २० हा आकडा लागोपाठ सहा चौकटींत येतो. पहिल्या लेव्हलच्या फायटरला आर्मर क्लास ० पासून उणे ५ पर्यंत २० च हवेत आणि उणे ६ ला एकदम २१. ही छपाईची चूक नाही. अत्यंत कडेकोट शत्रूलाही नशिबाने एखादा वार लागावा म्हणून ही सवलत ठेवलेली आहे.

पायरी ५: थॅको असेल तर वजाबाकी कोठे करायची ते आधी ठरवा

थॅको हा शब्द ऐकून पुष्कळ जण पुस्तक मिटतात. तसे करण्याचे कारण नाही. ‘आर्मर क्लास शून्याला वार लावण्यासाठी लागणारा आकडा’ या लांबलचक वर्णनाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून हा शब्द झाला आहे. तक्त्यात प्रत्येक चौकट शेजारच्या चौकटीपेक्षा एकानेच वेगळी असेल, तर सबंध ओळ छापण्याऐवजी शून्याखालचा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचे वजाबाकीने मिळतात, हा त्यामागचा साधा विचार. १९७९ च्या पुस्तकाच्या शेवटी राक्षसांच्या यादीत असा एक रकाना होताच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने तक्ते बाजूला सारून त्यालाच मुख्य नियम केले.

सूत्र असे: थॅको वजा समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे फाशावर लागणारा किमान आकडा.

आपल्या फायटरचा थॅको २० आणि पहारेकऱ्याचा आर्मर क्लास ४. म्हणून १६ हवेत, शक्यता २५ टक्के. हाच फायटर सातव्या लेव्हलला पोहोचला की त्याचा थॅको १४ होतो. समोर आर्मर क्लास उणे ३ असलेला शत्रू आला तर १४ वजा उणे ३, म्हणजे १७. शाळेत शिकलेला ‘उणे उणे अधिक’ हा नियम येथे उपयोगी पडतो आणि येथेच निम्मे टेबल चुकते.

प्रत्येक वर्गाचा, म्हणजे पात्राच्या पेशाचा, थॅको निराळ्या गतीने उतरतो. सर्वांची सुरुवात २० ने होते. फायटरचा दर लेव्हलला एकाने, प्रीस्टचा (पुरोहिताचा) दर तीन लेव्हलना दोनाने, रोगचा (चोरट्याचा) दर दोन लेव्हलना एकाने आणि विझर्डचा (जादूगाराचा) दर तीन लेव्हलना एकाने. लेव्हल वाढवल्यावर हा आकडा बदलायला विसरणे ही दुसरी नेहमीची चूक.

तिसरी चूक अधिक फसवी आहे. समजा तलवार +१ आहे. काही जण कॅरेक्टर शीटवर थॅको एकाने कमी करून लिहितात, काही जण फाशात एक मिळवतात. दोन्ही रीती बरोबर आहेत, परंतु महिनाभराने खेळायला बसलेला माणूस आधीच कमी केलेल्या थॅकोसह फाशातही एक मिळवतो आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून मी शीटवर थॅको नेहमी कोरा लिहितो, कसलीही भर न घालता, आणि सगळे फायदे फाशात मिळवतो.

टेबलावर वेग यावा म्हणून दोन युक्त्या सांगतो. पहिली खेळाडूसाठी: फाशाची एकूण बेरीज थॅकोतून वजा करा आणि आलेला आकडा मोठ्याने सांगा. थॅको १७ असून बेरीज १५ आली तर ‘आर्मर क्लास २ पर्यंत लागले’ असे म्हणा. डंजन मास्टरला शत्रूचा आर्मर क्लास उघड करावा लागत नाही आणि शत्रूचा आकडा २ किंवा त्याहून मोठा असला तर वार लागलाच. दुसरी युक्ती वजाबाकी मुळातूनच टाळते: २० मधून थॅको वजा करून जे उरेल तो तुमचा बोनस. फासा, बोनस आणि शत्रूचा आर्मर क्लास या तिघांची बेरीज २० किंवा अधिक झाली की वार लागला. थॅको १४ असलेल्या फायटरचा बोनस ६. फाशावर १२ पडले आणि शत्रूचा आर्मर क्लास ४ असला तर बेरीज २२, वार लागला. शत्रू उणे ३ असता तर बेरीज १५, वार हुकला. मी दुसरी आवृत्ती चालवतो तेव्हा नवख्यांना हीच रीत शिकवतो आणि थॅको हा शब्द तासाभराने सांगतो.

दुसऱ्या आवृत्तीत फाशावर प्रत्यक्ष २० पडले तर वार हमखास लागतो आणि १ पडला तर हमखास हुकतो. पहिल्या आवृत्तीच्या तक्त्यातील सहा वेळा येणाऱ्या २० ची जागा या नियमाने घेतली.

आपल्याकडे अनेकांची थॅकोशी पहिली गाठ टेबलावर पडलेली नाही. १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकावरील खेळ दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला होता, आणि जादूचे चिलखत चढवल्यावर आकडा घसरलेला पाहून आपण फसवले गेलो असे वाटलेल्यांपैकी मीही एक आहे.

पायरी ६: तिसऱ्या आवृत्तीत बेरीज सोपी आहे, पण बेरजेतील पदे मोजून घ्या

२००० मध्ये जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी रचलेल्या आवृत्तीने दिशा उलटी केली. आर्मर क्लास १० पासून वर चढू लागला आणि सूत्र झाले: फासा अधिक बेस अटॅक बोनस अधिक स्ट्रेंग्थचा बोनस अधिक इतर, आणि ही बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त आली पाहिजे. बरोबरी झाली तरी वार लागतो. ‘जास्तच हवे’ असा गैरसमज करून घेऊ नका.

बेस अटॅक बोनस म्हणजे थॅकोच, फक्त सरळ उभा केलेला. फायटरला तो लेव्हलइतका, क्लेरिक आणि रोग यांना लेव्हलच्या पाऊणपट, विझर्डला निम्मा. आपल्या फायटरला लेव्हलचा १ आणि स्ट्रेंग्थचे ३ मिळून +४. पहारेकऱ्याचे साखळीचे चिलखत ५ आणि मोठी ढाल २, म्हणजे आर्मर क्लास १७. फाशावर १३ हवेत, शक्यता ४० टक्के.

येथवर सारे सुटसुटीत आहे. गुंता पुढे होतो, आणि तिसऱ्या आवृत्तीत मी सर्वांत जास्त वेळ तोच गुंता सोडवण्यात घालवला आहे.

आर्मर क्लास एकच नसतो. पहारेकरी थोडा चपळ असून त्याचे डेक्स्टेरिटी बोनस २ असेल, तर त्याचा नेहमीचा आकडा १९ होईल. नुसता स्पर्श पुरेसा असलेल्या मंत्राला चिलखत आणि ढाल आडवी येत नाहीत, म्हणून ‘टच’ आकडा १२. त्याला बेसावध गाठले तर चपळाई वजा होते, म्हणून ‘फ्लॅट-फुटेड’ आकडा १७. तिन्ही आकडे आधीच लिहून ठेवले नाहीत तर प्रत्येक फेरीत खेळ थांबतो.

हल्ल्यांची संख्याही वाढते. बेस अटॅक बोनस +६ झाला की +१ चा दुसरा हल्ला मिळतो, +११ ला तिसरा, +१६ ला चौथा, आणि प्रत्येक पुढचा हल्ला पाचाने कमजोर. सापळा असा की हे जादा हल्ले ‘फुल अटॅक’ घेतला तरच मिळतात. पाच फुटांपेक्षा जास्त सरकलात तर एकच वार.

क्रिटिकल हिटसाठी, म्हणजे जादा नुकसान करणाऱ्या वारासाठी, दोनदा फासा टाकावा लागतो. तलवारीचा धोक्याचा पल्ला १९ ते २० आहे. त्यात आकडा पडला आणि वार लागला तर पुन्हा फासा टाकून, त्याच आर्मर क्लासविरुद्ध, क्रिटिकल पक्का करायचा. २० पडले तर वार आपोआप लागतो, पण १९ ला ती सवलत नाही. १९ पडूनही बेरीज कमी भरली तर वार हुकतोच.

आणि शेवटची अडचण बोनसांच्या जातीची. एकाच जातीचे दोन बोनस मिळवता येत नाहीत, त्यांतील मोठा तेवढा धरायचा. डॉज (वार चुकवण्याच्या) जातीचे मात्र एकमेकांत मिळतात. वरच्या लेव्हलला एका हल्ल्यात सात-आठ पदे येतात. शीटच्या मागील बाजूला त्यांची यादी जातीसह लिहून ठेवा. २००९ मध्ये आलेला ‘पाथफाइंडर’ हा खेळ याच पायावर उभा असल्याने ही सवय तेथेही कामाला येते.

पायरी ७: चौथ्या आवृत्तीत फासा नेहमी हल्लेखोराचा

२००८ च्या आवृत्तीबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिचा नियम सर्वांत एकसारखा आहे. लेव्हलच्या निम्मा आकडा सर्व वर्गांना सारखाच मिळतो. संरक्षणे चार: आर्मर क्लास, फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल. तलवार असो वा अग्निगोल, हल्लेखोरच फासा टाकतो आणि त्या त्या संरक्षणाशी तुलना करतो. आपला फायटर: स्ट्रेंग्थचे ३ आणि तलवारीच्या सरावाचे ३, एकूण +६. पहारेकरी १८. म्हणजे १२ हवेत, ४५ टक्के. वर्गाचे खास फायदे यात धरलेले नाहीत. २० पडल्यास वार लागतोच, पण एरवी ती बेरीज पुरेशी ठरली असती तरच क्रिटिकल.

पायरी ८: पाचव्या आवृत्तीत मिळवणे थांबवा, दोन फासे टाका

२०१४ मध्ये आकडे जाणूनबुजून आखूड केले गेले. प्रोफिशियन्सी (सरावाचा) बोनस पहिल्या लेव्हलला +२ आणि सतराव्या लेव्हलपासून +६, बस्स. तोही सर्व वर्गांना सारखा. विझर्डचा आणि फायटरचा मूळ बोनस एकच आहे हे जुन्या खेळाडूंना खटकते, परंतु फायटरचा वरचष्मा आता जादा हल्ल्यांतून येतो आणि ते सगळे पूर्ण बोनसवर होतात.

आपल्या फायटरला ३ आणि २ मिळून +५. साखळीच्या चिलखताचा आकडा १६ आणि ढाल २, म्हणून पहारेकरी १८. पुन्हा १३ हवेत, पुन्हा ४० टक्के. हाच फायटर विसाव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ २० घेऊन आला तर त्याचा बोनस +११ होतो आणि त्याच पहारेकऱ्याला त्याला ७ लागतात, म्हणजे ७० टक्के. दुसऱ्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलच्या फायटरचा थॅको १ असतो. आर्मर क्लास ४ साठी त्याला उणे ३ हवेत, म्हणजे १ पडल्याखेरीज वार हुकतच नाही. पाचव्या आवृत्तीत साधा पहारेकरी शेवटपर्यंत थोडाफार टिकतो, हा या आखूड आकड्यांचा परिणाम आहे.

तिसऱ्या आवृत्तीतील बहुतेक लहानसहान अधिक-उणे आकड्यांच्या जागी येथे अ‍ॅडव्हान्टेज आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज आले: दोन फासे टाकायचे आणि पहिल्यात मोठा, दुसऱ्यात लहान आकडा धरायचा. १३ हवे असताना ४० टक्क्यांचे अ‍ॅडव्हान्टेजमुळे ६४ होतात आणि डिसअ‍ॅडव्हान्टेजमुळे १६. आडोशाचे +२ आणि +५ मात्र आकडे म्हणूनच राहिले.

येथील सापळे असे. अ‍ॅडव्हान्टेजची तीन कारणे असली तरी फासे दोनच टाकायचे. एकही विरुद्ध कारण आले की दोन्ही रद्द होतात, मग बाजू तीनास एक अशी का असेना. क्रिटिकलमध्ये नुकसानीचे फासे दुप्पट होतात, त्यात मिळवायचा आकडा दुप्पट होत नाही. अग्निगोलासारख्या मंत्रांना अटॅक रोल नाही. तेथे समोरचा सेव्हिंग थ्रो करतो. आणि २० पडल्यावर हमखास यश हा नियम हल्ल्यापुरता आहे, कुलूप उघडण्यासारख्या कौशल्यांना नाही. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ने तो कौशल्यांनाही लावला असल्यामुळे तेथून टेबलावर आलेले खेळाडू येथे हमखास वाद घालतात.

२०२४ च्या पुस्तकांनी मूळ हिशेब तसाच ठेवला आहे. शस्त्रांना ‘मास्टरी’ नावाचे गुण जोडले गेले. त्यांपैकी ‘ग्रेझ’मुळे वार हुकला तरी थोडे नुकसान होते. थकव्याची प्रत्येक पायरी आता फाशातून २ वजा करते. एकाच टेबलावर काही जणांकडे २०१४ चे आणि काही जणांकडे २०२४ चे पुस्तक असेल तर हे दोन मुद्दे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

पायरी ९: जुने साहस नव्या नियमांवर चालवायचे असल्यास

‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या दोन्ही आवृत्त्यांतील आर्मर क्लास चढता करण्यासाठी तो २० मधून वजा करा, ‘बेसिक’चा असेल तर १९ मधून, कारण तेथे उघडे अंग ९ आहे. थॅकोचेही तसेच. उणे ३ चे २३ होतात, ४ चे १६.

हे सूत्र जुन्या नियमांचे जुन्याच नियमांत रूप बदलण्यासाठी चोख आहे. पाचव्या आवृत्तीत मात्र ते राक्षसांना लावू नका. ओगर हा दांडगा राक्षस पहिल्या आवृत्तीत आर्मर क्लास ५ चा आहे. सूत्राने त्याचे १५ होतात. ३.५ च्या पुस्तकात तो १६ आणि हिट पॉइंट्स (किती मार सोसतो तो आकडा) २९, तर २०१४ च्या पुस्तकात आर्मर क्लास अवघा ११ आणि हिट पॉइंट्स ५९ आहेत. पाचव्या आवृत्तीचा ओगर सहज लागतो पण लवकर पडत नाही. वरच्या टोकाला हा फरक आणखी रुंदावतो: ३.५ मधील सर्वांत वयोवृद्ध तांबड्या ड्रॅगनचा आर्मर क्लास ४१ आहे, पाचव्या आवृत्तीतील सर्वांत वयोवृद्धाचा २२. म्हणून राक्षसाचे फक्त नाव जुन्या साहसातून घ्या आणि आकडे नव्या पुस्तकातून. माणूस शत्रू असेल तर त्याच्या अंगावरचे चिलखत वाचा आणि त्या चिलखताचा नव्या पुस्तकातील आकडा लिहा. माझ्या त्या सरदाराच्या वर्णनात ‘पूर्ण चिलखत, ढाल’ असे स्पष्ट छापलेले होते. पाचव्या आवृत्तीच्या तक्त्यात पूर्ण चिलखताचे १८ आणि ढालीचे २ मिळून २० होतात.

बैठकीच्या आदल्या दिवशी साहसातील प्रत्येक शत्रूपुढे आपल्या खेळाडूंपैकी सर्वांत चांगल्या आणि सर्वांत कमजोर हल्लेखोराला फाशावर किती हवेत ते लिहून काढा. एखाद्या ठिकाणी चांगल्याला ४ पेक्षा कमी किंवा कमजोराला १८ पेक्षा जास्त येत असतील, तर त्या शत्रूचा आकडा कोणत्या आवृत्तीतून उचलला आहे ते पुन्हा एकदा तपासा.